भाचीचा डोळा आणि शकुनाचं दही

माझ्या भाचीचा डावा डोळा चमकतो, हा शोध आमच्या घरात कोणी लावला यावर अजून एकमत नाही. भाऊ म्हणतो, मी. भावजय म्हणते, आईलाच आधी कळतं. माझी माय म्हणते, मी तर बारशालाच सांगितलं होतं, पोरगी एका डोळ्यानं हसते म्हणून. तिघेही खोटं बोलतात. शोध मी लावला, आणि तोही भर ओसरीत, प्रेक्षकांसमोर.

संध्याकाळी लाइट गेली होती. मी बाभुळगावहून भावाच्या गावी पाहुणी गेले होते. भाची दीड वर्षाची असेल. भाकरीचा तुकडा हातात घेऊन ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी मोबाइलची बॅटरी लावली, तशी ती माझ्याकडे वळली आणि तिचा एक डोळा मांजरीच्या डोळ्यासारखा लख्ख पांढरा चमकला. दुसरा नाही. एकच.

मी जन्माची चौकस. बसस्टँडच्या मागे माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, आणि माप घेता घेता मी समोरच्या बाईच्या घरातलं सगळं काढून घेते असं लोक म्हणतात. लोक बरोबर म्हणतात. अशा बाईला एक चमकता आणि एक न चमकता डोळा सापडल्यावर ती शांत बसेल का? मी बॅटरी समोरून मारली, वरून मारली, डावीकडून मारली. एका ठरावीक तिरक्या कोनातूनच तो चमकायचा. मी पोरीला पाटावर बसवलं आणि तिच्याभोवती आरतीच्या ताटासारखा मोबाइल फिरवायला लागले.

"बस कर व," माय म्हणाली. "नजर लागन पोट्टीले."

"बाई, लेक हाये माही, फुलबाजी नोहे," भाऊ म्हणाला. भाऊ माझ्यापेक्षा लहान, मला बाई म्हणतो, आणि त्यापलीकडे मान देत नाही.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं. गल्लीतल्या एका म्हातारबुवांनी निर्वाळा दिला की पायाळू पोरासारखंच या पोरीला जमिनीतलं गुप्तधन दिसणार. शेजारची एक बाई तर पोरीला उचलून आपल्या गोठ्यात घेऊन गेली आणि ती कुठं टक लावून बघते ते बघत बसली. पोरगी म्हशीकडे टक लावून बघत होती. म्हैस खरोखरच चांगली होती.

माझं मात्र एकच टुमणं: एकच डोळा काहून? दोन्ही चमकले असते तर मी कदाचित गप्प बसले असते. ब्लाउजची एक बाही नीट आणि एक वाकडी आली की मला झोप येत नाही, तसंच हे. शेवटी मीच भावजयीला आणि पोरीला घेऊन यवतमाळला डोळ्याच्या डॉक्टरकडे गेले. कारण विचारायला. उपचार वगैरे डोक्यातही नव्हतं.

डॉक्टर हसतमुख माणूस. आधी पोरीशी टाळ्या वाजवून खेळला. मग थेंब टाकून, बाहुली मोठी करून आत बघितलं, आणि त्याचा खेळ थांबला. त्यानं खुर्ची भावजयीकडे वळवली. माझ्याकडे नाही, तिच्याकडे. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"डोळ्याच्या मागच्या पडद्यावर गाठ आहे," तो म्हणाला. "लहान मुलांना होणारा कॅन्सर. उजेड त्या पांढऱ्या गाठीवरून परत येतो, म्हणून चमकतं. घरी जाऊन विचार करायचा नाही. इथूनच नागपूरला जायचं."

भावजय म्हणाली, "डॉक्टर, ते तर चांगलं दिसून राह्यलं होतं." बस, एवढंच. मग तिनं पोरीचं झबलं नीट केलं. ते आधीच नीट होतं.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात एक मॅडम होत्या. बुटक्या, चष्म्याला दोरी, आणि बोलणं माझ्यासारखंच भराभर. त्यांनी स्पष्ट सांगितलं: गाठ डोळ्याबाहेर पसरली तर जिवावर बेतेल, म्हणून कधी कधी अख्खा डोळा काढावा लागतो. हिचा डोळा वाचवता येईल असं वाटतं. आधी सलाइनमधून औषध देऊन गाठ आकसवायची, मग उरलेली लेझरनं जाळायची. पण लेझर पोहोचेल एवढीच ती उरली पाहिजे. वाढली तर मग दुसरा रस्ता नाही.

"जाळायची?" मी विचारलं. "डोळ्यात?"

"डोळ्यात."

"अन् डोळा नाही जळत?"

मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. बहुतेक लोक त्यांना 'किती दिवस लागतील' विचारत असावेत. मग त्यांनी मला आत बोलावून पडद्यावर फोटो दाखवला. माझ्या भाचीच्या डोळ्याचा आतून काढलेला फोटो! केशरी, तुरीच्या वरणासारखा रंग, त्यात लाल शिरा पसरलेल्या, कापसाची पराटी उपटल्यावर मुळं दिसतात तशा. आणि मधोमध पांढरंशुभ्र, फुटलेलं बोंड. मी अख्खं आयुष्य कापसाच्या गावात काढलं, पण बोंड पाहून नजर दुसरीकडे वळवायची ती पहिलीच वेळ.

"काचेतून ऊन येतं ना तुमच्या दुकानात?" मॅडम म्हणाल्या. "काच तापते का?"

"काच नाही. मागचं काळं कापड तापते."

"तसंच. डोळ्याचा समोरचा भाग काचेसारखा. उजेड आरपार जातो. मागं पडद्याला रंग आहे, तिथं तो अडतो आणि तिथंच गरम होतो. आम्ही गाठीवर नेम धरून थोडा थोडा वेळ तापवतो. गाठ हळूहळू मरते. आणि हा उजेड डोळ्यांना दिसतही नाही. दिसतो तो फक्त नेमाचा लाल ठिपका."

न दिसणारा उजेड! बाभुळगावला परत आले तेव्हा मी काचेच्या शोकेसमध्ये एक काळं आणि एक पांढरं पीस शेजारी शेजारी लावलं आणि दुपारभर हात लावून बघत बसले. एक गिऱ्हाईक बाई म्हणाली, "ताई, कापडाले ताप आला का?" मी म्हणाले, "काळ्याले आला. पांढऱ्याले नाही." ती पुन्हा बरेच दिवस आली नाही.

सलाइनचे दिवस मी इथं सांगत नाही. ते भावजयीचे दिवस आहेत, ती सांगेल तर सांगेल. एवढंच सांगते की पोरीचे केस गेले. आमच्याकडे पहिलं जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढतात. तिचा मामा ढाणकीचा, हौशी माणूस. जावळासाठी त्यानं नवा सदरा शिवून ठेवला होता. भेटायला आला, गुळगुळीत डोकं बघितलं, आणि म्हणाला, "आता माही मांडी कायले ठेवली व तुम्ही?" सगळे हसले. तो बाहेर जाऊन हँडपंपाखाली तोंड धूत बसला.

गाठ आकसली. मग लेझर सुरू झालं. काही आठवड्यांनी नागपूरला जायचं, पोरीला भूल द्यायची, मॅडम आत बघणार, गरज असेल तिथं लेझर मारणार, संध्याकाळी परत. भूल म्हणजे पोट रिकामं पाहिजे. रात्रीच्या जेवणानंतर काही नाही. दूध नाही, बिस्किट नाही. पोटात काही असलं आणि भुलेत उलटून फुप्फुसात गेलं तर जिवाला धोका. हे आम्हाला प्रत्येकाला वेगवेगळं आणि सगळ्यांना मिळून समजावलेलं होतं. म्हणून आम्ही तिला झोपेतच उचलून पहाटे गाडीत घालायचो.

एका खेपेला मॅडमनी बाहेर येऊन सांगितलं की गाठीची एक कड त्यांना आवडली नाही. बाकी सपाट झाली, पण ती कड पांढरी आणि फुगीर वाटते. तिथं लेझर मारला आहे. "पुढच्या वेळेला चुकवू नका. कड सरकली असेल तर मग मला वेगळं बोलावं लागेल." वेगळं म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

त्या पुढच्या खेपेची ही गोष्ट आहे. माय म्हणाली, या वेळी मी पण येते. भाऊ गाडी काढत होता, भावजय पिशव्या भरत होती. मी पुढच्या सीटवर बसून सगळ्यांना घाई करत होते, कारण घाई करणं हे माझं काम. माय पोरीला कडेवर घेऊन मागून आली. आम्ही निघालो. कळंबच्या पुढं गेलो तरी पोरगी रडली नाही. भावजय म्हणाली, "आज शहाण्यासारखी करून राह्यली." आम्ही सगळे खूश.

दवाखान्यात भूल देणारे डॉक्टर आले. वयस्कर, हळू बोलणारे, हिरवी टोपी.

"काही खाल्लं नाही ना?"

"नाही," भाऊ म्हणाला.

"नाही," भावजय.

"बिलकुल नाही, साहेब," मी. मी तर हात वर करून सांगितलं.

माय म्हणाली, "पाणीसुद्धा नाही बापा."

डॉक्टरांनी मान हलवली, आणि मग ते पोरीसमोर उकिडवे बसले. म्हणाले, "मी या भागात खूप वर्षं काढली. 'काय खाल्लं' असं विचारलं की लोक खरंच सांगतात, नाही खाल्लं. म्हणून मी दुसरंही विचारतो." मग पोरीला, "बाळा, आज तोंडात काय काय गेलं?"

भाचीनं विचार केला. अगदी मनापासून केला.

"दई," ती म्हणाली. "साखल."

मी मायकडे बघितलं. भावानं बघितलं. भावजयीनं बघितलं. तीन बॅटऱ्या एका माणसावर.

"अवं माय!" मी ओरडले.

"काय अवं माय?" माय म्हणाली. "निघताना दही-साखर नाही देत का लेकराले? तुह्या दहावीच्या परीक्षेले नव्हतं देलं?"

"खायचं नव्हतं ना व काहीच!"

"खाणं कोण म्हणते त्याले? शकुन होय तो! दोन बोटं देलं. खाणं वेगळं अन् शकुन वेगळा."

आणि तिला खरंच तसं वाटत होतं. ही काही पळवाट नव्हती. तिनं डॉक्टरांच्या डोळ्यात बघून 'पाणीसुद्धा नाही' सांगितलं होतं, आणि ते तिच्या हिशेबानं शंभर टक्के खरं होतं. देवाचं तीर्थ, कुणाच्या लग्नाच्या अक्षता, निघताना दही. हे काही पोटात जात नाही, हे काहीतरी दुसरीकडेच जातं. कुठं जातं, ते तिला विचारलं तर तीही सांगू शकली नसती.

"किती बोटं?" डॉक्टरांनी विचारलं. मुळीच न रागावता.

माय आता घाबरली. "मोठी नव्हती साहेब. पण तिनं अजून मांगलं. मंग वाटीच देली."

भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

डॉक्टर आत जाऊन मॅडमशी बोलून आले. भूल लगेच देता येणार नाही. हिला सगळ्यात शेवटी घेऊ. यादी संपायला दुपार टळेल, आणि तेवढा वेळ उरला तरच. नाही तर पुढच्या आठवड्यात. मॅडम दारातून डोकं काढून फक्त एवढंच म्हणाल्या, "मला ती कड आजच बघायची आहे. तोपर्यंत तोंडात काही जाऊ देऊ नका." मग मायकडे बघून, "शकुनसुद्धा."

आता एका अडीच वर्षाच्या पोरीला, जिची भूक दह्यानं नुकतीच जागी झाली आहे, दुपारपर्यंत उपाशी ठेवायचं होतं. कुठं, तर जिथं बसलेल्या प्रत्येक बाईच्या पिशवीत डबा आहे. भावजय रडायच्या बेतात, भाऊ मायशी बोलत नाही, माय कुणाशीच बोलत नाही. माझ्या आयुष्यात मला असा रंगमंच पुन्हा मिळणार नव्हता. मी बाकावर चढले.

"बाया हो, भाऊ हो! ही माही भाची. हिच्या डोळ्याचं आज लेझर हाये अन् हिनं दही खाऊन सगळा घोळ केला. हिले दुपारलोक काही द्याचं नाही. तर मायबाप हो, डबे झाका! ज्याले जेवाचं त्यानं भिंतीकडे तोंड करा!"

शिपाई धावत आला. पण तोवर लोकांनी ऐकलं होतं. पुढचे काही तास तिथली माणसं जे जेवली ते पाहण्यासारखं होतं. एक अख्खं कुटुंब रांगेत भिंतीकडे तोंड करून पोळ्या खात होतं, शाळेत शिक्षा झाल्यासारखं. एका म्हाताऱ्यानं वर्तमानपत्राच्या तंबूत केळं सोललं, आणि साल खिशात घातलं. पोहरादेवीकडून आलेली, तांड्यावरची एक बाई होती, तिच्या लेकाचा डोळाही दाखवायला आणला होता. तिनं आपल्या ओढणीच्या आरशांवर ऊन पाडून पोरीला भिंतीवर कवडसे पकडायला लावले. पोरगी धावली, पडली, पुन्हा धावली. मी म्हैस झाले, एस.टी.चा कंडक्टर झाले, तिचा ढाणकीचा मामा झाले. मामा झाले तेव्हा भावजय हसली, पदर तोंडावर घेऊन.

माय कोपऱ्यात बसून होती. भावजयीनं तिला चहा आणून दिला. तिनं कप खाली ठेवला. "लेकरू उपाशी अन् म्या कायले पिऊ?" चहावर साय धरली. शेवटी भाऊच जाऊन तिच्याजवळ बसला. पायातली चप्पल काढून मांडी घालून बसला, एवढंच. आमच्याकडे माफी अशीच मागतात आणि अशीच देतात. कोण मागतंय आणि कोण देतंय ते बाहेरच्याला कळत नाही.

दुपार उतरली तेव्हा आतून हाक आली. झोप लागेपर्यंत घरचं एक माणूस आत चालतं. दर वेळी भावजय जायची. मी इतक्या खेपा डोळे लावून होते की कधीतरी माझी पाळी येईल आणि मला तो लेझर बघायला मिळेल. पण पोरगी आता भुकेनं कुरकुरत मायच्या गळ्याला अशी चिकटली होती की सुटेना. नर्स म्हणाली, "आजी, तुम्हीच चला." मायला हिरवा गाऊन घातला, टोपी घातली. ज्या बाईनं दिवसाचा बट्ट्याबोळ केला, ती माझ्या नाकासमोरून आत गेली! देवाघरी न्याय नाही.

ती बाहेर आली तशी मी तिला धरलं. "काय पाह्यलं? सांग."

"पोट्टी झोपली. मोठा श्वास घेतला अन् मान टाकली."

"ते नाही, लेझर!"

"मॅडमनं डोक्याले दिवा बांधला. वरातीत बाया डोक्यावर दिवे घेऊन चालत नाही का, तसा. अन् हातात एक गोल भिंग. अन् खाली वाकल्या."

"मंग?"

"मंग मले बाहेर काढलं."

"अन् लाल ठिपका?"

"कोणता ठिपका?"

मी कपाळाला हात लावला. पण नंतर तो दिवा माझ्या डोक्यातून गेला नाही. बुटक्या मॅडम, वरातीचा दिवा, आणि खाली आमच्या पोरीचा डोळा, ज्याच्या आत केशरी रंग आहे आणि मुळं आहेत, आणि एक कड आहे जी सरकली की नाही ते अजून कुणाला माहीत नाही.

दार उघडलं. मॅडमच्या कपाळावर पट्ट्याचा वळ उठला होता. त्या आधी भावजयीकडे वळल्या. मला यवतमाळची ती वळलेली खुर्ची आठवली.

"कड बसली आहे," त्या म्हणाल्या. "सरकली नाही. कडेनं काळा रंग धरला, तो चांगला. तरी मी पुन्हा थोडा लेझर मारला. अजून बरेचदा यावं लागेल, पुढची काही वर्षं बघत राहावं लागेल. पण आज डोळा काढायची गोष्ट मी बोलणार नाही."

माय म्हणाली, "मंग आता देऊ का तिले काही खायले?"

"शुद्धीवर आली की," मॅडम म्हणाल्या.

त्यानंतर पुष्कळदा गेलो. गाठीच्या जागी आता एक सपाट व्रण आहे. फोटोत पाहिला, पांढरट, काळी किनार. व्रण बरोबर मधोमध आहे, जिथून आपण समोरचं नीट बघतो तिथं. त्यामुळे डोळा राहिला तरी त्यातून किती दिसतं हा प्रश्न उरलाच. मॅडमनी सांगितलं, चांगला डोळा रोज थोडा वेळ झाकून ठेवा, म्हणजे डावा आळशी होणार नाही. पट्ट्या मी शिवल्या. ब्लाउजच्या तुकड्यांच्या, जरीच्या काठाच्या. एकीला तर मी लटकन लावलं होतं, ते भावजयीनं कापून टाकलं.

परवा मी गावी गेले तेव्हा भाची पट्टी बांधून ओसरीवर खेळत होती. आता ती साडेतीन वर्षांची आहे, आणि गुप्तधन सोडून सगळं शोधते. मी तिच्या अगदी समोर बसले. मला राहवेना, हा प्रश्न मी किती दिवस गिळून होते.

"सांग बरं, या डोळ्यानं आत्या कशी दिसते?"

तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. बराच वेळ.

"कान हायेत," ती म्हणाली. "कानातले हायेत. तोंड नाही."

भाऊ आतून ओरडला, "बाईले तोंड नाही? पाह्य व, नीट पाह्य! असं कधी झालं नाही आजलोक."

ती खरंच नीट बघायला लागली. मान एका बाजूला वळवली, साळुंकी दाण्याकडे बघते तशी, मग आणखी थोडी वळवली, आणि व्रणाच्या कडेच्या पलीकडून, जिथून तिला दिसतं तिथून, माझ्याकडे बघत थांबली.

"हाये," ती म्हणाली. "हलून राह्यलं."